नोंद सातवी: मंकचा डावा हात आणि माझा

काल रात्री अमेरिकन जाझ पियानोवादक थेलोनियस मंकच्या 'ब्लू मंक' या रचनेचं अख्खं आवर्तन पहिल्यांदा न अडखळता वाजलं. चार-चार मात्रांचे बारा बार, म्हणजे ४८ मात्रा, मेट्रोनोम मिनिटाला ६६ ठोक्यांवर. सलग तीन वेळा! चौथ्यांदा नवव्या बारला डावा हात सुटला, पण मागच्या नोंदीच्या वेळी गाडी चौथ्या बारपुढे सरकत नव्हती. आज लिहायला बसताना फार छान वाटतंय.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी सांगतो. मी मूळचा पेटीवाला. वीस वर्षं भजनं आणि नाट्यपदांची साथ केली. ८८ पट्ट्यांचा डिजिटल पियानो घरात आला तो एका माहितीपटामुळे: शार्लट झ्वेरिन यांचा १९८८चा 'थेलोनियस मंक: स्ट्रेट, नो चेसर'. मायकेल आणि ख्रिश्चन ब्लॅकवूड या भावांनी १९६७-६८ मध्ये मंकच्या मागे-मागे फिरून जे कृष्णधवल चित्रीकरण केलं, तोच या फिल्मचा जीव आहे. स्टुडिओ, क्लब, युरोपचा दौरा, विमानतळ, सगळीकडे कॅमेरा बरोबर आहे. संगीतावरच्या कितीतरी माहितीपटांत वाजवणं रंगात आलं की नेमकं कुणीतरी बोलायला लागतं. इथे वाजवणाऱ्याला वाजवू दिलंय. माझ्यासारख्या शिकणाऱ्याला याहून मोठी देणगी नाही.

मी ही फिल्म आता तुकड्या-तुकड्याने बघतो. रोज पाच मिनिटं, आवाज बंद करून, फक्त हात. पियानोच्या पहिल्याच धड्यात बोटं गोल ठेवायला शिकवतात. मंकची बोटं सरळ, जवळजवळ आडवी. बोटात मोठी अंगठी. हात वरून पट्टीवर पडतो आणि मग थांबतो, आणि ते थांबणंही ठेक्यातच असतं. शेजारी चार्ली राउझचा टेनर सॅक्सोफोन सुरू झाला की मंक कित्येकदा सरळ उठतो आणि पियानोच्या बाजूला स्वतःभोवती गिरक्या घेत नाचतो. आधी मला तो विक्षिप्तपणा वाटायचा. आवाज बंद करून बघितलं तेव्हा लक्षात आलं की लय अंगात कुठे बसली आहे, ते तो दाखवतोय.

आता डाव्या हाताबद्दल, कारण माझी खरी अडचण तीच आहे. पेटीवाल्याचा डावा हात जन्मभर भात्यावर. स्वरांशी त्याचा संबंधच नाही. मंकचा डावा हात मात्र न्यूयॉर्कमधल्या हार्लेमच्या स्ट्राइड शैलीतल्या पियानोवादकांच्या, जेम्स पी. जॉन्सनसारख्यांच्या परंपरेतला: पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेला मंद्रातला स्वर, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला उडी मारून वर कॉर्ड, म्हणजे एकदम दाबलेले तीन-चार स्वर. ती उडी मला जमेना. नजर खाली गेली की उजवा हात चुकायचा. शेवटी दोन आठवडे फक्त डावा हात घेतला, डोळे मिटून, आणि तोंडाने चाल म्हणत. हा उपाय लागू पडला. पेटीवाल्यांनो, चाल आधी गळ्यात घ्या. गळा सांभाळून घेतो, मग हात मोकळा होतो.

'ब्लू मंक' बी फ्लॅटमध्ये आहे, म्हणजे आपली काळी पाच. तिथे सा धरलात तर सुरुवात होते ग, शुद्ध म, तीव्र म, प अशी. दोन्ही मध्यम पाठोपाठ! त्याला उत्तर म्हणून ध, कोमल नि, शुद्ध नि, सा. पहिल्यांदा सरगम लिहून काढली तेव्हा वहीकडे बघतच राहिलो.

आणि या महिन्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट. मंक पुष्कळदा शेजारशेजारच्या दोन पट्ट्या एकदम दाबतो. कानाला आधी ते खटकतं. आपल्याकडे पेटीवर आक्षेप काय होता? तिच्यात मींड नाही, दोन स्वरांमधली जागा नाही. त्याच आक्षेपापायी आकाशवाणीने १९४० साली पेटी बंद केली आणि ती बंदी तीन दशकं टिकली. पियानोचं दुखणं तेच. तिथे मंक कोमल ग आणि शुद्ध ग एकदम वाजवतो, खालचा लगेच सोडतो, वरचा धरून ठेवतो. त्या क्षणभरात कानाला दोन्हींच्या मधला, ब्लूज (आफ्रिकन-अमेरिकन लोकांचं गाणं) गाणाऱ्याच्या गळ्यातला स्वर भासतो. परवा हे मी पेटीवर करून पाहिलं. भाता अगदी हलका ठेवला तर जमतं. अंगावर काटा आला.

त्याच्या आयुष्याचा भाग फिल्ममध्ये तुकड्यांत येतो. १९५१ मध्ये कॅबरे कार्ड, म्हणजे क्लबात वाजवायचा परवाना, गेलं आणि न्यूयॉर्कच्या क्लबांत वाजवायची परवानगीच संपली. १९५७ मध्ये ते परत मिळालं, मग फाइव्ह स्पॉट या क्लबात सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनबरोबरचे ते दिवस. पत्नी नेली सतत सोबत. शेवटची काही वर्षं जाझ वादकांच्या आश्रयदात्या पॅनोनिका द कोनिग्सवार्टर यांच्या न्यू जर्सीतल्या वीहॉकेनच्या घरी गेली, आणि तिथे पियानो असूनही मंक जवळजवळ वाजवतच नव्हता. १९८२ मध्ये तो गेला. हा भाग मी दोनदाच बघू शकलो.

पुढचं काम ठरलंय. 'ब्लू मंक' ८० पर्यंत न्यायचं, दुसऱ्या आवर्तनात उजव्या हाताला थोडं स्वतःचं काही सुचू द्यायचं. आणि हळूहळू मंकचीच 'क्रेपस्क्यूल विथ नेली' ही रचना. नेली आजारी असताना, १९५७ मध्ये त्याने ती रचली. तिच्यात विस्तार नाही, बंदिश जशी बांधली तशीच वाजवायची. पहिले चार बार वहीत उतरवून ठेवलेत. कुणी ती बसवली असेल तर डाव्या हाताची बोटं कशी ठेवलीत, ते नक्की सांगा.