तुम्ही विचारलंत म्हणून: जो थर नाहीच, तो मोजता कसा?

लग्नात, बँकेच्या रांगेत, खानापूरच्या बसमध्ये, कुठंही माझं काम कळलं की प्रश्न ठरलेला. "समुद्राच्या तळाचा गाळ, तोही जो तिथं नाहीच! नसलेलं काय गे मोजतीस?" असं मावशी विचारते. कॉलेजातले सहकारीही वेगळ्या शब्दांत तेच विचारतात. इतकी वर्षं मी विषय बदलत आले. आता एकदाच नीट सांगते.

गोकाकचा धबधबा आपण सगळ्यांनी पाहिलाय. पाणी पडतं तो कडा कलादगीच्या वालुकाश्माचा. त्या भागात याच खडकावर आपला काळा दगड, म्हणजे दख्खनचा बेसॉल्ट पसरलाय. बेसॉल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, खालचा वालुकाश्म त्याच्या कित्येक पटींनी जुना. मधला सगळा काळ गायब. जमिनीवर हे डोळ्यांना दिसतं, कारण रंग वेगळा, दगड वेगळा. समुद्राच्या तळाच्या गाळातही असा मधला काळ गायब असतो; त्या तुटीला आम्ही 'खंड' म्हणतो. पण खोल समुद्रात खंडाच्या वरही तोच तपकिरी चिकट गाळ आणि खालीही तोच. बोट फिरवलं तरी सांधा लागत नाही. म्हणून रसायनाकडे जायचं.

समुद्राच्या पाण्यात स्ट्रॉन्शियम या धातूच्या ८७ आणि ८६ या समस्थानिकांचं, म्हणजे कमी-जास्त वजनाच्या अणूंचं, गुणोत्तर एका वेळी जगभर सारखंच असतं. गेल्या साडेतीन कोटी वर्षांत ते ०.७०७८ च्या आसपासून आजच्या ०.७०९२ पर्यंत चढत आलंय. तळाशी पडलेला माशाचा दात त्या वेळच्या पाण्यातलं स्ट्रॉन्शियम धरून ठेवतो. दाताचं गुणोत्तर काढलं की वय निघतं, आणि लागून असलेल्या दोन नमुन्यांच्या वयात मोठी उडी दिसली की मधे खंड आहे.

हे मला पीएचडीला असतानाही पाठ होतं. तरी जे केलं ते केलं.

माझ्या कोअरमध्ये, म्हणजे तळातून उभ्या नळीनं काढलेल्या गाळाच्या कांडीत, चाळीसेक नमुने होते. दात वाळूच्या कणाएवढे, काकवीच्या रंगाचे. ओल्या ब्रशच्या टोकावर एकेक उचलायचा, धुवायचा, नायट्रिक आम्लात विरघळवायचा, रुबिडियम वेगळं काढायचं आणि मग मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे अणू वजनानुसार मोजणाऱ्या यंत्रावर, लावायचा. आकडे ०.७०८३ च्या आसपास सरळ रांगेत चालले होते. एका जागी चार सेंटिमीटरमध्ये ते ०.७०८७ वर गेले. म्हणजे पन्नास लाख वर्षांहून जास्त काळ चार सेंटिमीटरात. लागोपाठचे दोन्ही नमुने तसेच. त्या दिवशी प्रमाण नमुन्याचा, म्हणजे ज्याचं उत्तर आधीच माहीत असतं त्याचा, आकडा बरोबर आला होता, म्हणजे यंत्रात दोष नव्हता. तरी मी दोन्ही नळ्यांवर "खराब" अशी चिठ्ठी लावली. तिथून वरचे आकडेही चढेच होते. पण ते दोन काढल्यावर खालच्या रांगेतून वरच्या रांगेकडे रेघ सहज ओढता आली, आणि गाळ साचण्याचा वेग मंदावला असं मी प्रबंधात लिहिलं.

त्या वेळची मी आजही माझ्याशी भांडते. म्हणते, चाळिसातले दोन आकडे बाजूला ठेवणं गुन्हा नाही, सगळेच ठेवतात. खरं आहे. पण मी ते तपासून ठेवले नव्हते. ते माझ्या रेघेत बसत नव्हते म्हणून ठेवले होते.

दोन वर्षांनी एका ज्युनियर मुलीनं त्याच कोअरच्या दुसऱ्या अर्ध्या भागातून नमुने घेतले. उडी तिथंच आली. तिनं आलेख दाखवला आणि म्हणाली, "ताई, तुमच्याकडं इथले आकडे दिसत नाहीत." ती सरळ विचारत होती. मला तिच्याकडं बघवेना. गाइडना सगळं सांगायला मला तीन दिवस लागले. पुढचं वर्षभर मी वयाचा सगळा हिशेब पुन्हा मांडला.

म्हणून "नसलेलं" हा शब्द मला टोचतो. १९८३ साली गेर्टा केलर आणि जॉन बॅरन या संशोधकांनी मायोसीन काळातले (सुमारे सव्वादोन कोटी ते पन्नास लाख वर्षांपूर्वीचे) असे खंड वेगवेगळ्या समुद्रांतून जुळवले. बरेचसे एकाच सुमाराचे निघाले, आणि त्यांचा संबंध त्यांनी तळाच्या थंड पाण्याच्या हालचालींशी लावला. माझ्या दोन नळ्यांत असंच काही होतं आणि मी त्यावर चिठ्ठी चिकटवली.

थर गेला कसा, हा पुढचा प्रश्न. तळाच्या प्रवाहानं खरवडून नेला, की तिथं मुळात काही साचलंच नाही? पाण्यातून कोबाल्ट तळावर जवळपास ठरावीक वेगानं बसत असतं. गाळ साचायचा थांबला तर त्या पातळीवर कोबाल्ट आणि मँगनीज वाढलेलं सापडायला हवं. माझ्या नमुन्यांत ते वाढलेलं नव्हतं, म्हणून नंतरच्या लेखात मी "प्रवाहानं नेला" असं लिहिलं.

पण आधी बराच काळ काही साचलं नसेल आणि शेवटी प्रवाहानं तो कोबाल्टचा पापुद्राच नेला असेल, तरी आकडे असेच येतील. हे वाक्यही मी लेखात घातलं होतं. यानं निष्कर्ष ढिला पडतो, काढून टाका, असं परीक्षकानं कळवलं. मी काढलं नाही.