वायफायचं लॉगिन पान आणि लॅपटॉपमधला १७२.१८

ऑनलाइन फॉर्म भरायचा शेवटचा दिवस होता. ठाण्यात नौपाड्यातल्या एका अभ्यासिकेचं नेटवर्क मी सांभाळतो. दुपारी तिथल्या व्यवस्थापक काकांचा फोन आला, “मोबाईलवर सगळ्यांचं चालतंय, पण काही लॅपटॉपवर लॉगिनचं पानच येत नाहीये. मुलं रडकुंडीला आलीत.”

“मोबाईलवर चालतंय” एवढ्या माहितीवरच अर्धा शोध संपतो. अ‍ॅक्सेस पॉइंट, बाहेरची लाइन, ओटीपी पाठवणारी यंत्रणा, सगळं ठीक आहे. उरतो तो लॅपटॉप. तरीही अशा वेळी लोक राउटर बंद-चालू करायला धावतात आणि ज्यांचं चालू आहे त्यांचंही तोडतात. काकांना आधी तेच सांगितलं, की राउटरला हात लावू नका.

लॉगिनचं पान येतं कसं, ते थोडं समजून घ्यायला हवं. लॅपटॉप वायफायला जोडला की त्याला आयपी पत्ता मिळतो, पण इंटरनेटचं दार बंद असतं. मग ऑपरेटिंग सिस्टीम गुपचूप एक साधी, कुलूप नसलेली एचटीटीपी विनंती पाठवते. विंडोज ‘एमएसएफटीकनेक्टटेस्ट डॉट कॉम’ला विचारतं आणि ‘मायक्रोसॉफ्ट कनेक्ट टेस्ट’ एवढ्याच मजकुराची वाट बघतं. अ‍ॅपलची उपकरणं ‘कॅप्टिव्ह डॉट अ‍ॅपल डॉट कॉम’कडे जातात, अँड्रॉइडला २०४ हा रिकामा प्रतिसाद हवा असतो. गेटवे, म्हणजे इंटरनेटच्या दारावरचं यंत्र, ही विनंती मध्येच अडवतो आणि ३०२ क्रमांकाचा, म्हणजे ‘तिकडे जा’ असा, प्रतिसाद देऊन पोर्टलचा, म्हणजे लॉगिनच्या पानाचा, पत्ता दाखवतो. वेगळंच उत्तर आलेलं पाहून सिस्टीमला कळतं की इथे लॉगिन करावं लागणार.

ही साखळी कुठेही तुटू शकते. पहिल्या लॅपटॉपवर ती डीएनएसपाशी, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता सांगणाऱ्या सेवेपाशी, तुटली होती. ब्राउझरमध्ये ‘सुरक्षित डीएनएस’ एका ठरावीक सेवेवर पक्कं केलेलं होतं. लॉगिनआधी गेटवे फक्त स्वतःच्या डीएनएसला वाट देतो. ब्राउझर मात्र नावाचा पत्ता कूटबद्ध मार्गाने बाहेरच विचारत राहतो. नावाचा पत्ता मिळत नाही, म्हणून एचटीटीपी विनंती निघतच नाही, मग अडवणार काय? गोपनीयता आणि सुरक्षेच्या सेटिंगमध्ये ते तात्पुरतं बंद केलं, पान आलं, ओटीपी टाकला, पुन्हा चालू केलं. पुन्हा चालू करणं विसरू नये, सार्वजनिक वायफायवरच त्याची खरी गरज असते. अ‍ॅडॅप्टरच्या सेटिंगमध्ये कुणी हाताने ८.८.८.८ टाकून ठेवलं असेल तरी असंच होऊ शकतं. तिथे ‘आपोआप मिळवा’ करायचं.

दुसरा लॅपटॉप कंपनीचा होता, त्यावर सतत चालू राहणारं व्हीपीएन, म्हणजे सगळी ये-जा एका कूटबद्ध बोगद्यातून नेणारी सोय. बोगदा जोडला गेल्याशिवाय ते काहीच बाहेर सोडत नाही, बोगद्याला इंटरनेट लागतं आणि इंटरनेटला लॉगिन. काही व्हीपीएनमध्ये लॉगिनपुरती काही मिनिटांची सूट असते, यात नव्हती. कंपनीचं धोरण मोडायचा सल्ला मी देत नाही. त्या मुलाला मोबाईलचं हॉटस्पॉट वापरायला सांगितलं.

बरेच जण पान येत नाही म्हटल्यावर पत्त्याच्या जागी गुगल टाकतात, लाल इशारा आला की घाबरतात. एचटीटीपीएस, म्हणजे कुलूप असलेली विनंती, मध्येच वळवता येत नाही. वळवायला गेलं तर साइटची ओळख पटवणारं सर्टिफिकेट जुळत नाही, आणि मोठ्या साइट्सच्या बाबतीत ब्राउझर ‘तरीही पुढे जा’चा पर्यायसुद्धा देत नाही. ब्राउझरचं बरोबरच आहे, तो इशारा ओलांडू नये. ‘नेव्हरएसएसएल डॉट कॉम’ उघडावं, समोर एचटीटीपी टाइप करून. ती साइट मुद्दाम कुलूप न लावता ठेवलेली आहे.

तिसरा लॅपटॉप मात्र या कशातच बसेना. ऐरोलीहून येणारी, इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाची मुलगी, लॅपटॉपवर विंडोजऐवजी उबुंटू लिनक्स. “दादा, मागच्या आठवड्यात इथंच चालत होतं,” ती म्हणाली. डीएनएस आपोआप, व्हीपीएन नाही, प्रॉक्सी नाही, घड्याळ बरोबर. वायफायकडून १०.२०.१ पासून सुरू होणारा पत्ता मिळालेला, गेटवे १०.२०.०.१ पिंगला उत्तर देत होता. ब्राउझरवर मात्र लगेचच ‘पत्त्यापर्यंत पोहोचता येत नाही’. या शब्दांकडे नीट बघायचं. समोरचा सर्व्हर गप्प असेल किंवा फायरवॉलने विनंती गिळली असेल, तर बराच वेळ चक्र फिरतं आणि मग ‘वेळ संपली’ येतं. तीनेक सेकंदांत ‘पोहोचता येत नाही’ आलं, तर बहुतेक वेळा लॅपटॉपने तो पत्ता शेजारचाच समजून हाक मारलेली असते आणि कुणी ओ दिलेली नसते.

टर्मिनलमध्ये ‘कर्ल -व्ही’ या आदेशाने नेव्हरएसएसएलला विनंती पाठवली. ३०२ आला, म्हणजे अडवणं आणि वळवणं दोन्ही व्यवस्थित. वळवलेला पत्ता होता १७२.१८.४.१. मग ‘आयपी राउट गेट’ आणि पुढे तोच पत्ता. त्या पत्त्याकडे लॅपटॉप कोणत्या वाटेने जातो, ते हा आदेश सांगतो. उत्तरात वायफायचं कार्ड नव्हतंच, ‘बीआर-’ने सुरू होणारा एक लांबलचक इंटरफेस होता. तो डॉकरचा पूल (ब्रिज). डॉकर म्हणजे प्रोग्राम ‘कंटेनर’ नावाच्या वेगवेगळ्या डब्यांत चालवणारं साधन, आणि पूल म्हणजे त्या डब्यांना जोडणारं लॅपटॉपमधलंच आभासी नेटवर्क.

तिने प्रोजेक्टसाठी त्याच आठवड्यात डॉकर कंपोज, म्हणजे अनेक कंटेनर एकत्र चालवायची सोय, वापरायला सुरुवात केली होती. डॉकरचा मूळ पूल १७२.१७.०.० या पत्त्यांच्या पट्ट्यावर असतो आणि कंपोजचा प्रत्येक नवा प्रोजेक्ट साधारण पुढचा पट्टा घेतो: १७२.१८, १७२.१९ असं. प्रत्येकी /१६, म्हणजे ६५,५३६ पत्ते. तिरप्या रेघेपुढचा आकडा जितका मोठा, तितका पट्टा लहान. आमच्या पोर्टलचा पत्ता नेमका त्यातच. त्यामुळे पोर्टल आपल्याच पोटातल्या नेटवर्कमध्ये आहे असं लॅपटॉप धरून चालला होता. कंटेनर थांबवले तरी पूल आणि त्याची वाट राहतेच, म्हणून “मी तर काहीच चालू ठेवलेलं नाही” हे तिचंही खरंच होतं. जर्मनीच्या आयसीई गाड्यांच्या वायफायवरही १७२.१८ याच पट्ट्यामुळे डॉकरवाल्यांची अशीच अडचण झालेली आहे.

फॉर्मची वेळ संपत आलेली, त्यामुळे तिच्या प्रोजेक्टला हात न लावता एकाच पत्त्यासाठी वाट घातली: ‘सुडो आयपी राउट अ‍ॅड १७२.१८.४.१/३२ व्हाया १०.२०.०.१’. दोन वाटा जुळत असतील तर नेमकी वाट जिंकते, आणि /३२ म्हणजे नेमका एकच पत्ता. पान तत्क्षणी उघडलं. वायफाय तुटून पुन्हा जोडलं की ही वाट सहसा पुसली जाते, तेव्हा हा उपाय त्या वेळेपुरताच.

कायमचा उपाय फॉर्म गेल्यावर केला. ‘ईटीसी’मधल्या डॉकरच्या फोल्डरात ‘डीमन डॉट जेसन’ फाइल असते, नसली तर तयार करायची. तिच्यात ‘बिप’ला, म्हणजे मूळ पुलाच्या पत्त्याला, १०.२१३.०.१/२४ दिलं आणि ‘डीफॉल्ट-अ‍ॅड्रेस-पूल्स’मध्ये, म्हणजे नव्या नेटवर्क्ससाठीच्या पत्त्यांच्या साठ्यात, १०.२१४.०.०/१६ हा आधार, आकार २४. मग डॉकर पुन्हा सुरू केलं. इथे बरेच जण फसतात, कारण आधीच बनलेली नेटवर्क्स जुन्याच पट्ट्यावर राहतात. प्रोजेक्टच्या फोल्डरात जाऊन ‘डॉकर कंपोज डाउन’ आणि मग ‘अप’ करावं लागतं. ‘डाउन’पुढे ‘-व्ही’ अजिबात लावायचं नाही, त्याने व्हॉल्यूम, म्हणजे कंटेनरच्या डेटाचे साठे, उडतात आणि त्यांच्यासोबत डेटाबेसही.

विंडोजवरही हा गोंधळ होऊ शकतो, फक्त तिथे डब्ल्यूएसएलचं, म्हणजे विंडोजमध्ये लिनक्स चालवण्याच्या सोयीचं, आभासी कार्ड बघायचं. ते १७२.१६ ते १७२.३१ यांतला एखादा तुकडा घेतं आणि रीस्टार्टनंतर तो बदलू शकतो. म्हणून “कधी चालतं, कधी नाही” अशी तक्रार आली की मी आधी ‘राउट प्रिंट’, म्हणजे वाटांची यादी, बघतो.

पण सगळा भार वापरणाऱ्यावर टाकणं मला पटत नाही. अभ्यासिकेत येणाऱ्या मुलांनी रूटिंग शिकूनच यावं, ही अपेक्षा चूक आहे. पोर्टल १७२.१८ वर ठेवण्याचं काही कारणच नव्हतं, आधीच्या कंत्राटदाराची ती मांडणी तशीच चालत आली होती. संध्याकाळी अभ्यासिका रिकामी झाल्यावर पोर्टल गेटवेच्याच पत्त्यावर, १०.२०.०.१ वर आणलं. वायफायचा पट्टा /२२ आहे. त्यामुळे कुणाच्या लॅपटॉपवर १०.२० चा /१६ पट्टा दुसऱ्या कामाला असला, तरी नेमकी वाट वायफायचीच ठरते.

डीएचसीपीमधून, म्हणजे उपकरणांना आयपी पत्ता देणाऱ्या यंत्रणेतून, पोर्टलची माहिती थेट कळवण्याची सोयही आता आहे, ११४ क्रमांकाचा पर्याय, २०२० च्या आरएफसी ८९१० या इंटरनेट मानकातला. अँड्रॉइड ११ आणि आयओएस १४ पासून तो समजतो. त्याला एचटीटीपीएस आणि खरं सर्टिफिकेट लागतं, म्हणजे पोर्टलला आधी स्वतःचं डोमेन नाव हवं. काकांनी नाव घ्यायला होकार दिलाय. तोवर नेव्हरएसएसएलचा पत्ता ठळक अक्षरांत छापून दारापाशी लावला आहे.