पिकअपचं स्टिअरिंग थरथरतंय? आधी जॅक लावा

आमची पिकअप जुनी, पुढं पण पाटेच (लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग), दोन महिने साठच्या पुढं गेलं की स्टिअरिंग असं थरथरायचं की हाताला मुंग्या. सगळे म्हणले बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडनं सारखं करणं) कर, केलं, थोडं कमी झालं पण खड्ड्यातून गेली की परत थडथड सुरू, आणि ती ब्रेक मारून स्पीड कमी केल्याशिवाय थांबायचीच नाही. इथंच मला डाउट आला, कारण नुसतं बॅलन्सिंगचं असतं तर ठराविक स्पीडलाच हललं असतं, खड्ड्याचा काय संबंध?

मग रविवारी पुढचं चाक जॅकवर उचललं आणि वर-खाली धरून हलवलं, चांगलाच प्ले, म्हणजे ढिलेपणा. आता चाकाचं बेअरिंग ढिलं का किंगपिन (ज्या खिळीवर पुढचं चाक डावी-उजवीकडं वळतं ती)? पोराला ब्रेक दाबून धरायला लावला, तरी प्ले तसाच, म्हणजे किंगपिन (बेअरिंग असतं तर ब्रेक दाबल्यावर गेला असता). डावी-उजवीकडं हलवलं तर एक टायरॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्याचा चाकाकडचा सांधा) पण ढिला. पाट्याचे बुश (सांध्यातल्या छोट्या नळ्या) तर पार झिजलेले.

किंगपिन, बुश, टायरॉड एंड बदलले, अलाइनमेंट (चाकं सरळ रेषेत लावणं) शेवटी. गॅरेजवाला आधी अलाइनमेंटच करत होता, ढिल्या पार्टवर अलाइनमेंट करून काय उपयोग सांगा. आता ऐंशीला पण शांत. हौद्याचा खडखडाट आहेच, तो काय जात नाही.