बोटाएवढी पिन

हर्णैला वडिलांच्या होडीला 9.9 हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड, म्हणजे मागे बाहेरून अडकवायचं इंजिन, होतं. दोरी ओढली की सुरू व्हायचं, आणि नाही झालं तर आख्ख्या बंदराला ऐकू जातील अशा शिव्या खायचं. दुबईत मी आता ज्या इंजिनांना हात लावतो त्यातलं एकेक 300 हॉर्सपॉवरचं, आठ सिलिंडरचं, आणि एका बोटीला अशी दोन. वडिलांना हे फोनवर सांगितलं तर म्हणाले, "एवढ्या घाईत जातात कुठं ते?" खरं उत्तर असं की कुठंच नाही. जुमेराच्या मासेमारी बंदरातून निघतात, पामला (समुद्रात भर घालून केलेलं ताडाच्या आकाराचं बेट) वळसा घालतात आणि परत येतात.

गोष्ट गेल्या मे महिन्यातली. एक अरबाब (इथे मालकाला आम्ही सगळे असंच म्हणतो) आपली 32 फुटी कॅटामरान ट्रेलरवर घालून वर्कशॉपला घेऊन आला. गेटवेवरून मांडव्याला जाणाऱ्या लाँचला आपण कॅटामरान म्हणतो, ती डोळ्यांसमोर आणू नका. हिला दोन अरुंद पाय असतात, त्यांना स्पॉन्सन म्हणतात, आणि मधे आरपार बोगदा. वेग घेतला की त्या बोगद्यात हवा कोंबली जाते आणि तीच हवा बोटीला पाण्याच्या वर उचलून धरते. 60 नॉटच्या (ताशी 111 किलोमीटर) पुढे बोटीचा अगदी थोडा भाग पाण्याला टेकलेला असतो. म्हणजे निम्मं विमानच म्हणायचं. फरक इतकाच की विमानाचं नाक खाली आणायला शेपटीला पट्ट्या असतात. हिचं नाक एका मर्यादेपलीकडे वर गेलं तर ते खाली आणणारं काही नसतं.

अरबाबची तक्रार साधी होती. वेग वाढला की बोट डावीकडे बसते आणि सरळ जायचं तरी स्टिअरिंग उजवीकडे धरून ठेवावं लागतं. आधी दुसऱ्या कुठल्या तरी वर्कशॉपने इंजिनं एक भोक वर चढवून दिली होती, वेग वाढावा म्हणून. इंजिन वर घेतलं की पाण्याचं घर्षण कमी होतं, पण फार वर घेतलं तर प्रॉप (पाण्यातला पंखा) हवा खातो आणि थंडाव्याचं पाणी नीट ओढलं जात नाही. ब्रॅकेटचं एक भोक म्हणजे पाऊण इंच. ऐकायला काहीच नाही, पण या बोटींत पाऊण इंच म्हणजे वेगळीच बोट.

तीन दिवस आम्ही तिच्यावर घालवले. आमचे फोरमन श्रीवर्धनचे, सगळं वर्कशॉप त्यांना चाचा म्हणतं. चाचांची पद्धत अशी की आधी काही बदलायचं नाही, आधी मोजायचं. प्रॉपच्या शाफ्टपासून स्पॉन्सनच्या तळाच्या रेषेपर्यंत किती, दोन्ही इंजिनं एकमेकांना समांतर आहेत का, स्टिअरिंगच्या तेलात हवा आहे का. हवा होती. ती काढली. समांतरपणा तीन मिलिमीटरने चुकला होता, दोन इंजिनांना जोडणारी दांडी, टाय बार, फिरवून तो बरोबर केला. इंजिनं एक भोक खाली घेतली. प्रॉपचा हिशोब चाचा अजून कागदावर करतात. इंजिन 6300 आरपीएम, गिअर 1.75 ला 1, म्हणजे प्रॉप मिनिटाला 3600 वेळा फिरणार. पिच 28 इंच, म्हणजे स्क्रू लाकडात जावा तसा एका फेऱ्यात 28 इंच पुढे. गुणाकार केला की जवळपास 83 नॉट येतात. पाणी लाकूड नाही, दहा टक्के स्लिप धरा, 75 नॉट राहिले. ताशी 138 किलोमीटर. "याच्यापेक्षा जास्त कुणी सांगत असेल तर तो जीपीएसशी खोटं बोलतोय," असं चाचा म्हणतात.

शेवटचं काम माझ्याकडे होतं. उजव्या इंजिनाचा ट्रिम सेन्सर गेला होता, तो बदलायचा. ट्रिम म्हणजे इंजिन बोटीकडे किती आत दाबलंय की बाहेर उचललंय तो कोन. आत घेतलं की नाक खाली, बाहेर काढलं की नाक वर. दोन इंजिनांचा ट्रिम सारखा असावा लागतो, कारण ज्या बाजूचं इंजिन जास्त बाहेर, त्या बाजूचा स्पॉन्सन हलका होऊन वर येतो आणि बोट दुसऱ्या बाजूला कलते. डॅशबोर्डवर दोन काटे असतात. ते दोन्ही सारखे दिसले की चालवणारा निर्धास्त.

मी नवा सेन्सर बसवला, दोन्ही इंजिनं पूर्ण आत घेतली आणि दोन्ही काट्यांना तिथे शून्य दिलं. बाहेर काढून बघितलं, काटे जोडीने वर गेले, जोडीने खाली आले. कॅव्हिटेशन प्लेटवर (प्रॉपच्या वरची आडवी सपाट पट्टी) अँगल गेज ठेवून खरा कोन मोजायचा राहिला होता. घड्याळात सात वाजले होते, चाचा नमाजाला गेले होते आणि आम्ही कामगार राहतो त्या कॅम्पची व्हॅन साडेसातला सुटते. चुकली तर टॅक्सीचे पैसे खिशातले. मी गेज पेटीत ठेवून दिलं.

फॉर्मवर 'ट्रिम जुळवला' पुढे बरोबरची खूण मात्र केली.

दुसऱ्या दिवशी सहाला अरबाब येणार होता. सकाळचं पाणी इथे तेलासारखं असतं. शाळेत खारे वारे, मतलई वारे पाठ केलेले असतात ना, ते इथे रोज प्रत्यक्ष बघायला मिळतात. पहाटे वारं जमिनीवरून समुद्राकडे, हलकं. अकराच्या आसपास ते फिरतं आणि वायव्येकडून खारं वारं उठतं. म्हणून टेस्ट नेहमी सकाळी. अरबाबचा पत्ता नव्हता, तेव्हा चाचा आणि मी आधी एक फेरी मारून आलो. 50 नॉटपर्यंतच नेली. पाण्याचं प्रेशर छान, स्टिअरिंग हलकं. परत येताना चाचा म्हणाले, "किंचित डावीकडे बसते रे अजून."

"डावी टाकी भरलेली आहे, उजवी अर्धी," मी म्हटलं. ते खरंही होतं. चाचा काही बोलले नाहीत. तेव्हा ते बोलले नाहीत याचं मला बरं वाटलं होतं.

अरबाब आला सव्वादहाला. पंचविशीचा, हसरा, बरोबर कॉफीचे तीन कप. हिंदी आपल्यापेक्षा बरी बोलतो. तो चालवणार, मी शेजारी, चाचा मागच्या सीटवर. चाचांनी लाइफ जॅकेटचे पट्टे स्वतः ओढून बघितले आणि किल स्विचची लाल दोरी त्याच्या जॅकेटच्या कडीत अडकवली. चालवणारा जागेवरून फेकला गेला की ही दोरी निघते आणि दोन्ही इंजिनं बंद पडतात. त्याने ती काढायला हात घातला. "खल्ली वल्ली, चाचा." म्हणजे सोड, जाऊ दे. चाचा हिंदीत म्हणाले, दोरी नाही तर मी उतरतो, आणि खरंच जेटीवर एक पाय टाकला. त्याने दोरी राहू दिली.

चाचा या बाबतीत हट्टी आहेत त्याला कारण आहे. 2009 च्या डिसेंबरात दुबईतल्या क्लास वन या वेगवान बोटींच्या शर्यतीत व्हिक्टरी संघाची बोट अपघातात गेली आणि तिच्यातले मोहम्मद अल मेहेरी आणि झाँ-मार्क सांचेझ दोघंही गेले. तीही कॅटामरानच. जगातले उत्तम चालक, बंद कॉकपिट, हेल्मेट, सगळं होतं. चाचा तेव्हा इथेच होते. त्याबद्दल ते फार बोलत नाहीत, पण कुणी 'खल्ली वल्ली' म्हटलं की त्यांचा चेहरा बदलतो.

बंदराच्या बाहेर पडलो तेव्हा वारं फिरलेलं होतं. बारा-चौदा नॉट, अगदी समोरून. बारीक, कडक लाटा. अरबाबने बोट पाण्यावर काढली, 40, 50, आणि ट्रिम बाहेर काढत गेला. काटे दोन्ही सारखे. माझं लक्ष पाण्याच्या प्रेशरवर. 60. मग 64.

इथे एक हिशोब सांगतो, कारण तो मला त्या दिवसानंतर पाठ झाला. 64 नॉट वेग आणि समोरून 14 नॉट वारं, म्हणजे बोगद्यात हवा शिरतेय 78 नॉटने. हवेचं उचलणं वेगाच्या वर्गाने वाढतं. बिनवाऱ्याच्या सकाळी 64 ला जितकं उचललं असतं, त्याच्या जवळजवळ दीडपट. वेगाच्या काट्यावर यातलं काही दिसत नाही.

उजवीकडून एक मोठी यॉट मघाशी गेली होती, तिच्या लाटेची शेपटी अजून पाण्यात होती. उजवा स्पॉन्सन तिच्यावर चढला. तो आधीच हलका होता. नाक उठलं आणि मला समोर पाणी दिसेनासं झालं, नुसतं आकाश, पांढुरकं, मे महिन्यातलं. अरबाबने कुणीही करेल ते केलं. दोन्ही थ्रॉटल एका झटक्यात मागे ओढले.

नाक पडलं, ते डाव्या स्पॉन्सनवर. त्याचं टोक पाण्यात घुसलं आणि बोटीच्या पुढच्या टोकालाच सुकाणू फुटल्यासारखं झालं. पुढचा भाग थांबला, मागचा थांबायला तयार नव्हता. बोट डावीकडे गर्रकन फिरली. साधी बोट वळताना आत कलते, माणूस सीटमध्ये दाबला जातो. ही सपाट फिरते, म्हणून माणूस बाहेर फेकला जातो. मी उजवीकडे अरबाबवर आदळलो, तो बाजूच्या पॅनेलवर, दोरी निघाली आणि इंजिनं बंद. मग एकदम शांतता. तेवढ्यात आमचीच लाट मागून आली, इंजिनांवरून आत चढली आणि घोट्याएवढं पाणी भरून गेली. बिल्ज पंप (तळातलं पाणी बाहेर फेकणारा) सुरू झाल्याचा आवाज मला इतका गोड कधी वाटला नव्हता.

माझा खालचा ओठ फाटला होता. अरबाबचा खांदा दुखावला. चाचांनी आधी आम्हा दोघांना नावाने हाका मारल्या, मग कप कुठे गेले ते बघितलं. तिन्ही कप तरंगत होते. 15 नॉटने परत आलो, कुणी एक शब्द बोललं नाही.

वर्कशॉपमध्ये पोचल्यावर मी पेटीतून गेज काढलं. दोन्ही इंजिनं पूर्ण आत घेतली, डावीच्या प्लेटवर ठेवलं, आकडा बघितला. उजवीवर ठेवलं. तीन अंशांचा फरक. काटे दोन्ही शून्यावर. खाली वाकून ब्रॅकेटमध्ये टॉर्च मारला तर कारण समोरच होतं. इंजिन किती आत येऊ शकतं ते ठरवणारी एक पिन असते, स्टीलची, बोटाएवढी. डावीची एका भोकात, उजवीची त्याच्या पुढच्या. उजवं इंजिन पूर्ण आत येतच नव्हतं. ते जिथे पिनेला टेकत होतं तिथे मी शून्य दिलं होतं. म्हणजे अरबाबने काटे बघून दोन्ही सारखे बाहेर काढले, तेव्हा उजवं प्रत्येक वेळी तीन अंश जास्त बाहेर होतं. पिन आधीच्या लोकांनी हलवली असेल किंवा पहिल्यापासून तशीच असेल. न मोजता केलेली खूण माझी होती.

चाचांना सांगितलं. मी ओरडा खायच्या तयारीने गेलो होतो. ते म्हणाले, "त्याने थ्रॉटल सोडला नसता तर वर गेली असती. सोडला म्हणून फिरली. त्या क्षणाला त्याच्या हातात चांगलं काहीच उरलं नव्हतं. चूक त्याच्या आधीची." जरा थांबून, "माझी पण. सकाळी डावीकडे बसते म्हणालो आणि तुझी टाकी ऐकून गप्प बसलो." आणि मग, "अरबाबला तू सांगायचं."

फोनवर नाही सांगितलं. संध्याकाळी तो खांद्याला पट्टी लावून आला तेव्हा त्याला इंजिनाशी नेलं, पिन दाखवली, गेज लावून दाखवलं. तो बराच वेळ बघत राहिला. "इतना सा?" त्याने दोन बोटांत अंतर धरून दाखवलं. मी हो म्हटलं. बोट तो दुसरीकडे नेईल अशी माझी खात्री होती. त्याने विचारलं, "और मैंने जो एकदम छोड़ दिया?" तेव्हा चाचांनी त्याला समोर बसवलं आणि अर्धा तास शिकवलं. वारं समोरून असेल तर ट्रिम कमी ठेव, काट्याचा वेग विसर. नाक हलकं वाटलं की थ्रॉटल थोडा थोडा मागे, हात थरथरला तरी झटका नाही. वळायचं असेल तर वेग सरळ रेषेत कमी कर, ट्रिम आत घे, मग वळव. वळणात थ्रॉटल सोडायचा नाही. आणि शेजारी बसलेल्याला वळायच्या आधी सांग, कारण त्याच्या हातात स्टिअरिंग नसतं. हे शेवटचं सांगताना चाचांनी माझ्या ओठाकडे बघितलं.

पिन हलवायला चार मिनिटं लागली. नवीन सेन्सरला पुन्हा शून्य द्यायला आणखी दहा.

तीन दिवसांनी, पहाटे सहाला, अरबाब वेळेवर हजर. दोन्ही टाक्या समान भरल्या होत्या. 74 नॉट लागले आणि स्टिअरिंगवर त्याची दोन बोटं होती. पामच्या अलीकडे वळायच्या आधी त्याने वेग 35 वर आणला आणि ओरडून म्हणाला, "पकड़ो!" मी आधीच धरून बसलो होतो.

मुदीरने, म्हणजे मॅनेजरने, पगारातून काही कापलं नाही. कॅम्पची व्हॅन मात्र आता आठला सुटते, हे कुणी मागितलं ते मला विचारू नका. आणि चाचांनी आमच्या फॉर्मवर पेनाने रेघ मारून एक रकाना वाढवलाय: पिन, डावी-उजवी, गेजवरचा आकडा. नुसती खूण चालत नाही, आकडाच लिहावा लागतो. परवा एका इंजिनाची छोटी बोट आली, तिच्या फॉर्मवरही त्यांनी तो भरायला लावला. मी म्हटलं, चाचा, एकच इंजिन आहे, जुळवू कशाशी?

"तरी मोज," म्हणाले.