चिठ्ठीवरची पट्टी

दुपारची वेळ, कानावर हेडफोन, डीजेच्या सेटसाठी दोन ट्रॅक एकात एक मिसळायची तयारी, आणि दोन्हींच्या नावापुढे ‘८ए’ अशी एकच चिठ्ठी. म्हणजे दोन्ही ए मायनर पट्टीत, कॅमलॉट चक्रावर (जुळणाऱ्या पट्ट्या शेजारी-शेजारी मांडणारं डीजेंचं चक्र) अगदी सख्खे. एक १३२ बीपीएमचा (मिनिटाला १३२ ठोके), दुसरा १३८चा. मास्टर टेम्पो, म्हणजे वेग बदलला तरी सूर जागेवर ठेवणारं बटण, बंद ठेवून पहिल्याला १३८वर चढवलं आणि दोघांचे पॅड (लांबवलेले सूर) एकमेकांवर येताच घासात खडा लागावा तसं झालं.

सॉफ्टवेअरने पट्टी बरोबर ओळखली होती. पण वेग वाढला की सूरही चढतो, आणि चिठ्ठी मूळ वेगाची असते. साधारण ६ टक्क्यांना एक अर्धस्वर. १३२चे १३८ म्हणजे साडेचार टक्के, अर्धस्वराचा पाऊण हिस्सा. सूर धड ए नाही, धड बी फ्लॅट नाही. गंमत अशी, की तोच ट्रॅक १४०पर्यंत नेला असता तर अख्खा अर्धस्वर चढून ३ए झाला असता आणि ३एच्या मंडळींत सुखाने नांदला असता.

मग मास्टर टेम्पो लावा की! लावावा लागतोच, साडेचार टक्क्यांना तर हमखास. पण सूर जागेवर ठेवायचा तर यंत्राला आवाज तुकड्या-तुकड्यांनी ताणावा नाहीतर आखडावा लागतो, आणि त्यात पहिला बळी जातो तो किकचा, म्हणजे जड ढोलाच्या ठोक्याचा. धार बोथट होते. म्हणून एका टक्क्यापर्यंत तो बंदच ठेवायचा, हा माझा हट्ट. तेवढ्याने सूर अर्धस्वराच्या सहाव्या हिश्शाइतकाच सरकतो, आणि ट्रान्स संगीतात ते खपतं. तिथला लाडका आवाज सुपरसॉ, म्हणजे मुळातच एकमेकींपासून किंचित ढळलेल्या लहरींचा घोळका. रोलँड जेपी-८००० या सिंथेसायझरमध्ये त्या सात होत्या. त्या गर्दीत आणखी थोडं ढळणं कोण मोजतो?

खर्जात मात्र अशी माफी नाही. ५५ हर्ट्‌झचा ए आणि त्याच्या वरचा ५८.३चा स्वर एकत्र वाजले की सेकंदाला तीनदा आवाज फुगतो आणि बसतो, आणि मोठ्या स्पीकरवर ते पोटात कळतं. पट्ट्या जुळत असल्या तरी एका वेळी एकच बास. येणाऱ्या ट्रॅकचा लो, म्हणजे खर्जाचा नॉब, पूर्ण खाली ठेवायचा आणि ३२ ठोक्यांचा फेरा संपून नवा सुरू होतो त्या पहिल्या ठोक्यावर दोघांचे लो अदलाबदल करायचे. १३८ला हा फेरा जेमतेम १४ सेकंदांचा, तेव्हा हात आधीच नॉबवर हवेत.

वेगाचं गणित त्याहून निर्दय. ०.१ बीपीएमचा फरक राहिला तर मिनिटाभरात ४३ मिलिसेकंदांची घसरण होते, आणि एका किकच्या जागी दोन ऐकू येतात. बरेच जण जॉग, म्हणजे प्लेअरची चकती, ढकलून ढकलून वेळ मारून नेतात. सारखं पुढे ढकलावं लागत असेल तर ट्रॅक हळू आहे, वेगाचा फेडर (सरकपट्टी) केसभर वाढवा, विषय संपला. सीडीजे-२००० या डीजे प्लेअरवर वेगाची रेंज ±६ टक्के ठेवली तर पायरी ०.०२ टक्क्यांची मिळते, ±१०वर ०.०५ची.

चक्रावर ८एचे शेजारी ७ए, ९ए आणि ८बी. आकडा एकाने बदलला की षड्ज-पंचमाचं नातं, त्यामुळे बिघडत काहीच नाही. तासभर काहीच बिघडलं नाही तर मात्र सेट अळणी होतो. मधूनच ८एवरून थेट १०एवर, म्हणजे एक पूर्ण स्वर वर उडी मारावी. फक्त ती ढोलाताशाच्या भागात मारावी: एकाचा शेवट, दुसऱ्याची सुरुवात, दोन्हीकडे नुसती किक आणि हॅट (झांजेचा बारीक आवाज). तिथे भांडायला सूरच नसतो, आणि खरं सांगायचं तर निम्म्या मिक्समध्ये पट्टी कुणाला कळतही नाही.

हे सगळं ज्या कानांनी ठरवायचं, त्यांचं काय? ८५ डेसिबलला आठ तासांची मर्यादा मानतात आणि दर ३ डेसिबलला ती निम्मी होते. १००ला उरतात १५ मिनिटं, आणि बूथ मॉनिटर (डीजेजवळचा स्पीकर) सहज तिथवर जातो. फोमचे बोळे वरचे सूर जास्त खातात, हॅट हरवतो आणि बीट जुळवणं अवघड होतं. खर्जापासून वरच्या सुरांपर्यंत सगळा आवाज सारखाच कमी करणारे, संगीतकारांसाठी बनवलेले प्लग घ्यावेत, आणि मिक्स झाला की बूथचा आवाज खाली आणावा.