कॅनबेरात डोक्याला शिवलेला मॅगपाय

कॅनबेरात उतरून तिसरा दिवस. सप्टेंबर महिना, म्हणजे तिकडचा वसंत. लेक-जावई कामावर आणि नात शाळेत गेल्यावर मी एकटीच बर्ली ग्रिफिन तलावाच्या कडेने फिरायला निघाले. वाट छान, दुतर्फा निलगिरीची उंच झाडं, चिटपाखरू नाही असं वाटत होतं. तेवढ्यात डोक्यामागे खट्ट असा आवाज झाला, चिमटा मिटावा तसा, आणि पंखांचा वारा कानाला लागला. वळून बघते तर कुणी नाही. चार पावलं टाकली आणि पुन्हा खट्ट! या खेपेला अंबाड्यावर चांगलाच टोला बसला. पिन निघून गवतात पडली, ती उचलायलाही मी थांबले नाही.

आमच्याकडे डोक्याला कावळा शिवला की घरात गहजब व्हायचा. आत्याला शिवला होता तेव्हा आजीने मुंबईच्या काकांना 'आत्या गेली' अशी खोटी तार करायला लावली होती. चार माणसं रडली की अरिष्ट टळतं म्हणे. संध्याकाळी लेकीला म्हटलं, "अगं, काळंपांढरं काहीतरी शिवून गेलं डोक्याला." ती हसतच सुटली. "आई, तार नको करूस हं कुणाला! मॅगपाय होता तो. इथे सगळ्यांनाच शिवतो."

दुसऱ्या दिवशी नातीची सायकलची हेल्मेट घालून गेले. गंमत म्हणजे तिच्या हेल्मेटवर प्लॅस्टिकच्या केबल बांधायच्या पट्ट्या साळिंदराच्या काट्यांसारख्या उभ्या केल्या होत्या. निम्मं शहर या दिवसांत असंच फिरतं. त्यांचा कितपत उपयोग होतो देव जाणे, पण कुणी हसत नाही एवढं खरं. जवळच्या झाडाखाली पक्षी हल्ला करतात अशी पाटीही होती. ती मला आदल्या दिवशी दिसली नव्हती!

आता नीट पाहिलं. आपल्या गावकावळ्याएवढा, पण बांधा जास्त रुबाबदार. अंग तकतकीत काळं. मान, खांदा आणि शेपटीचं बूड पांढरंशुभ्र. चोच निळसर राखाडी, टोकाला काळी. डोळा तांबूस, आणि तो रोखून बघतो तेव्हा आपणच काहीतरी चोरलंय असं वाटतं. मादीच्या मानेवरचा पांढरा रंग जरा मळकट असतो. नाव मॅगपाय असलं तरी हा कावळ्याच्या गोतातला नाही. मुक्तेश्वरला मी लांब शेपटीचा निळा मॅगपाय पाहिला होता, तो कावळ्याचा सख्खा. हा बुचरबर्ड नावाच्या पक्ष्यांच्या कुळातला. युरोपातून आलेल्या गोऱ्यांना आपल्याकडच्या काळ्यापांढऱ्या पक्ष्याची आठवण झाली आणि त्यांनी तेच नाव याला चिकटवलं.

मग मी रोज लांबच्या बाकावर बसून त्या झाडाकडे बघत राहायची. काटक्यांचं घरटं उंच फांदीच्या बेचक्यात होतं. घरटं बांधायचं मादीने, अंडी तिनेच उबवायची. वीसेक दिवस लागतात. नराचं काम म्हणजे खाली पहारा. झाडाभोवतीची जागा ही त्याची जहागीर, वर्षभर राखायची. पण माणसांवर झडप घालणं फक्त या सहाएक आठवड्यांचं, आणि तेही सगळे नर करत नाहीत. दहांतला एखादाच असा खाष्ट निघतो. माझ्या नशिबी नेमका तो आला. पक्ष्यांचे अभ्यासक सांगतात की हे माणसांचे चेहरे ओळखतात आणि लक्षात ठेवतात. एकाला टोचतील, शेजारून जाणाऱ्या दुसऱ्याकडे ढुंकूनही बघणार नाहीत.

त्यांच्या हुशारीचा आणखी एक किस्सा जावयांनी सांगितला. शास्त्रज्ञांनी पाच मॅगपायच्या पाठीवर जीपीएसची यंत्रं बांधली. शेवटचं बांधून दहा मिनिटं होतात न होतात तोच एक मोठी मादी पुढे आली आणि लहान पक्ष्याचा पट्टा चोचीने सोडवू लागली. तिसऱ्या दिवसापर्यंत सगळ्यांच्या पाठी मोकळ्या. २०२२ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला, तो मूळ उद्देश फसल्याचाच.

आवाजाबद्दल मात्र मी भांडायला तयार नाही. पहाटे उजाडायच्या आत कुंपणावर दोन-तीन जण माना वर करून गातात. पेटी आणि बासरी एकाच वेळी वाजावी तसं काहीतरी. याच्या शास्त्रीय नावातल्या 'टिबिसेन' या लॅटिन शब्दाचा अर्थच मुळी बासरी वाजवणारा. आपल्या दयाळाची शपथ घेऊन सांगते, दयाळ मागे पडला.

ऑक्टोबरात मेलबर्नला गाडीने निघालो, साडेसहाशे किलोमीटर. मरे नदी ओलांडून व्हिक्टोरियात शिरल्यावर एका पेट्रोल पंपावर गवतात मॅगपाय दिसला आणि मी ओरडलेच, "याची पाठ पांढरी!" कॅनबेरातल्यांची पाठ काळी, इकडच्यांची पांढरी, मधल्या पट्ट्यात सरमिसळ. मेलबर्नला मग मी बागा सोडून पाठीच बघत फिरले, घरच्यांनी कपाळाला हात लावला.

परत आलो तोवर पिल्लं घरट्याबाहेर पडली होती. साधारण चार आठवड्यांत ती बाहेर येतात, पण पुढचे दोन-तीन महिने आईबापांच्या जिवावरच. करड्या-मळकट रंगाचं एक धटिंगण, अंगाने बापाएवढं, त्याच्या मागे मागे अखंड कुरकुरत चाललेलं. बाप उड्या मारत नाही, तर चालतो, मास्तरासारखा. मान एका बाजूला कलती करून थांबायचा, मातीखाली हलणाऱ्या अळीची चाहूल घ्यायचा, आणि चोच खुपसून लठ्ठ पांढरी अळी उपसायचा. ती भुरट्या पोराच्या घशात. पोराचं तोंड मिटतं न मिटतं तोच पुन्हा कुरकुर.

नोव्हेंबरात परतीच्या आदल्या दिवशी मी त्यांच्यापासून हाताच्या अंतरावरून गेले. बापाने मान वर केली, तांबड्या डोळ्याने मला एकदा न्याहाळलं आणि पुन्हा माती उकरायला लागला. हेल्मेट मात्र मी घरी पोचेपर्यंत काढली नाही.