गव्याचा खूर, कासवाची वाट

गोव्याला जायचं ठरलं की आमच्या घरात दोन पक्ष पडतात. लेकीला समुद्र हवा असतो, तोही सकाळच्या चहापासून दिवेलागणीपर्यंत. नवऱ्याला जंगल. हा माणूस पाच वेळा ताडोब्याला जाऊन आलाय. तीन खेपांना वाघ दिसला, आणि उरलेल्या दोन खेपांचं दुःख तो अजून जेवताना सांगतो. मी अपक्ष. दोन्हीकडे वेळेवर चहा मिळाला की माझा पाठिंबा.

मागच्या खेपेला युती घडवायचा प्रयत्न करून झाला होता. एका एजंटानं ‘बीच प्लस वाइल्डलाइफ सफारी’ असं पॅकेज गळ्यात मारलं. त्यातली सफारी म्हणजे कुळ्याहून दूधसागरला जाणारी जीप निघाली. ती वाट अभयारण्यातूनच जाते, जीप ओढ्यांत शिरते, आणि ३१० मीटर उंचीवरून कोसळणारं ते पाणी समोर आलं की बोलणं थांबतं, हे सगळं कबूल. पण पुढे जीप, मागे जीप, अंगात नारिंगी लाइफ जॅकेट, आणि वन्यजीव म्हणाल तर वेफर्सची पुडी हिसकावणारी माकडं. नवऱ्यानं त्या माकडांचा एक फोटोसुद्धा काढला नाही. यावरून काय ते समजा.

म्हणून यंदा फेब्रुवारीत पॅकेज-बिकेज काही नाही. सांगलीहून चोर्ला घाटानं थेट फोंड्याला आत्याकडे उतरलो. आत्या लग्न होऊन गोव्यात आली त्याला पस्तीस वर्षं झाली. मराठी तिची अजून आमचीच, फक्त शेवटाला ‘गो’ लागतो. आमचा वाद तिनं सोलं भिजत घालता घालता ऐकला आणि म्हणाली, “रान एकीकडे नि दर्या एकीकडे असं शोधत कशाला फिरता गो? काणकोणला जा. तिथे डोंगरच पाण्यात पाय सोडून बसलेत. आणि सोमवारीच निघा. सोमवारी माझ्याकडे शिवराक, मासळी नाही, तुझा नवरा खतखत्याकडे बघून तोंड वाकडं करतो.”

सोमवारी निघालो.

आत्येभावानं सांगितलं म्हणून सरळ हायवेनं न जाता केप्याकडून रिवणला वळलो, उसगाळीमळची कातळशिल्पं बघायला. रत्नागिरीकडची कातळशिल्पं आता सगळ्यांना ठाऊक झालीत, ही तितकीशी नाहीत. कुशावती नदीच्या काठावर जांभ्या दगडाचं सपाट अंगण पसरलंय, आणि त्यावर कोणीतरी हजारो वर्षांपूर्वी बैल, हरणं, माणसं आणि एक गोल गोल फिरत जाणारा चक्रव्यूह कोरून ठेवलाय. अभ्यासकांचं लक्ष तिकडे गेलं १९९३ साली. आम्ही पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं आणि आधी काहीच दिसेना. लेक म्हणाली, “आई, हे नुसतं अंगण आहे.” मग आम्ही खाली बसलो, मान तिरकी केली, आणि एकदम एक शिंग दिसलं. शिंगामागे मान, मानेमागे ती भरदार पाठ. बैल म्हणा नाहीतर गवा म्हणा, मी गव्याच्या बाजूनं. त्यानंतर लेकीला थांबवणं कठीण झालं. ती कातळावर अक्षरशः रांगत एकेक रेषा बोटानं हवेत गिरवत होती. (हवेत. दगडावर बोटं घासू नका, खडूनं रेषा रंगवून फोटो तर त्याहून काढू नका.) अर्धा तास ठरवलेलं, दोन तास गेले. नेत्रावळीची बुडबुड तळी बघायची राहिलीच.

बाळ्ळीपुढे कर्मळ घाट लागतो. घाट उतरलो की काणकोण. चावडीच्या बाजारात भाजीपाव खाल्ला, सोबत मिरचीची भजी, आणि पाटण्याच्या किनाऱ्यावर लाकडी खोलीत सामान टाकलं. या खोल्या पावसाळा संपला की उभ्या करतात आणि पुढचा पाऊस यायच्या आत खोलून ठेवतात. त्यामुळे भिंत म्हणजे फळी, आणि शेजारच्या खोलीतली दिल्लीकडची मंडळी रात्री काय बोलतात ते सगळं ऐकू येतं. स्वच्छ होतं, गादी बरी होती, एवढं पुरे.

मंगळवारी पहाटे खोतीगाव. हायवेनं पैंगीणच्या दिशेनं निघालं की डावीकडे फाटा फुटतो आणि थोड्याच वेळात अभयारण्याचं फाटक येतं. १९६८ सालचं हे अभयारण्य, साधारण ८६ चौरस किलोमीटरचं. फाटकाशी नवऱ्यानं पहिला प्रश्न विचारला: “जिप्सी कुठून सुटते?” तिथल्या माणसानं त्याच्याकडे जरा मायेनं बघितलं. जिप्सी नाही. आपली गाडी आत न्यायची, ठरलेल्या जागी लावायची आणि चालायचं. गावातला एक जण वाट दाखवायला सोबत आला. पायात रबरी चपला, हातात कोयता, बोलणं कोकणी-मराठीच्या मधलं.

‘सफारी’ हा शब्द स्वाहिली, आणि स्वाहिलीत तो आला अरबीतल्या ‘सफर’वरून. म्हणजे आपलीच सफर की. उघडी जीप, वायरलेस आणि ‘उधर देखो साब’ हे सगळं मागाहून चिकटलं. हे मी नवऱ्याला ऐकवलं. तो म्हणाला, “मग सफर म्हणा, पैसे कमी घेतील.”

पाणवठ्याच्या वर उंच झाडाला बांधलेल्या मचाणावर आम्ही दोन तास बसलो. सांबर आलं नाही. गवा आला नाही. डुक्कर आलं नाही. कवड्या धनेशाची जोडी पंखांचा वाफेच्या इंजिनासारखा आवाज करत डोक्यावरून गेली. कुठूनतरी एक कस्तुर, आळसावलेल्या शाळकरी पोरासारखा, सूर विसरत विसरत शीळ घालत होता. भृंगराज पक्ष्यानं कुणाकुणाच्या नकला केल्या. मला यात काहीच कमी वाटलं नाही. नवरा मात्र घड्याळ बघायला लागला आणि शेवटी त्यानं विचारलंच, “वाघ आहे का हो इथे?”

वाटाड्या हसला. “वाघ वर म्हादईत. इथे आला तरी तुम्हाला सांगून येणार नाही.”

चोर्ला घाटातून येताना आपण त्याच म्हादई अभयारण्याच्या कडेनं येतो. २०२० च्या जानेवारीत तिथे चार वाघ मेलेले सापडले, विषबाधेनं. वाघांनी गुरं मारली होती म्हणून विष घातलेलं. पुढे २०२३ च्या जुलैत उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं हा पट्टा व्याघ्र प्रकल्प म्हणून जाहीर करा असं सांगितलं, आणि राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. खोतीगावचं रानही त्या पट्ट्याच्या प्रस्तावात आहे. आत वेळीप आणि कुणबी लोकांची वस्ती आहे, कुळागरं, म्हणजे सुपारी-माडांच्या बागा आहेत, पिढ्यानपिढ्यांच्या. वाघाला ‘वाघ्रो’ म्हणून पूजणारी गावंही याच गोव्यात आहेत. सांगलीहून चार दिवस आलेल्या मी यात कुणाला शहाणपण शिकवू नये हे बरं, पण वाटाड्याला विचारलं तर तो एवढंच म्हणाला, “आमचं घर कुठे जातं ते आधी सांगा, मग वाघाचं बोलू.” ते मला वाजवी वाटलं.

मचाणावरून उतरल्यावर खरी मजा सुरू झाली. वाटाडा लेकीला म्हणाला, “बाय, हांगा पळय,” आणि धुळीत एका ठशाशी उकिडवा बसला. गव्याचा खूर. गाईच्या खुरासारखाच दोन पाकळ्यांचा, पण केवढा! “गवो रेडो,” तो म्हणाला. गोव्याचा राज्यप्राणी. मग त्यानं तिला शिकवलं: ठसा कधी उन्हाकडे पाठ करून बघायचा नाही, ऊन समोरून आलं की कडेची सावली दिसते. कड धारदार असेल तर ताजा. कड ढासळलेली, आत पाला पडलेला, तर जुना. एका खुरात कोळ्यानं जाळं विणलं होतं. “हा कालचासुद्धा नाही,” लेकच म्हणाली, आणि वाटाड्यानं मान डोलावली. ती मान पोरगी जन्मभर विसरणार नाही.

पुढचे तीन तास ती खाली मान घालून चालली. रानडुकरांनी उकरलेली जमीन, साळिंदराचा काटा, झाडाच्या बुंध्याला माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर लागलेला सुका चिखल, कारण गवा अंग घासून गेलेला. ऐनाच्या खोडावर एक उडता सरडा सापडला. सालीच्याच रंगाचा. गळ्याखालची पिवळी पताका त्यानं एकदा उघडली आणि मिटली, आणि तेवढ्यानंच आमच्या लक्षात आला. मग उडी मारून पलीकडच्या झाडावर तरंगत गेला. शेकरूची घरटी पाच दिसली, शेकरू एकही नाही. महाराष्ट्राचा राज्यप्राणी गोव्यात रजेवर गेला असावा.

जाताना वाटाड्यानं ओढ्याकडे बोट दाखवलं. “हे पाणी तळपण नदीला. संध्याकाळी तुम्ही दर्यात न्हाता ना, तिथेच येतं.”

दुपारी वाटेवर पैंगीणला परशुरामाचं देऊळ बघितलं. बाण मारून समुद्र मागे हटवल्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो, बाणावलीचं नावही त्याच बाणावरून सांगतात. पण मागे डोंगर आणि पुढे समुद्र असा इतका जवळ असताना ती ऐकली की वाटतं, इथे फार लांब काही हटवलेला नाही.

बुधवार लेकीचा. पाटण्याच्या पाण्यात ती सकाळी शिरली आणि भूक लागली तेव्हाच बाहेर आली. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, समुद्र निळा होता, वाळू गरम होती, जेवणातल्या तिसऱ्या (शिंपल्या) छान होत्या. पाळोळ्याला डॉल्फिन दाखवणाऱ्या होड्या असतात, बिचारे डॉल्फिन दिसले की चार होड्या चारी बाजूंनी धावतात. ते दोघांपैकी कुठल्याच पक्षाला नको होतं. या एका मुद्द्यावर आमचं एकमत झालं.

गुरुवारी परतायचं होतं, म्हणून भल्या पहाटे गालजीबागला गेलो. तळपण नदीवरच्या पुलावर गाडी थांबवली. खाली पाणी ओहोटीबरोबर समुद्राकडे चाललं होतं, गढूळ नाही, काळसर हिरवं. मागे वळून बघितलं तर परवाचे डोंगर धुक्यात. एवढंच अंतर. लेकीनं त्या पाण्यात गव्याची लघवी पण असेल का, असं विचारलं. नवरा म्हणाला, असणार. तिला आनंद झाला.

गालजीबागचा किनारा म्हणजे सुरूची रांग, लांबच लांब वाळू आणि शॅक जवळजवळ नाहीतच. आगोंद, मोरजी, मांद्रे आणि हा, असे चार किनारे ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीसाठी वनखातं राखतं. वेळासचा कासव महोत्सव आपल्याकडे गाजतो, पिल्लं बघायला बसेस भरून जातात. इथे महोत्सव नाही. जाळीच्या कुंपणात वाळूचे उंचवटे, प्रत्येकापाशी अंडी कुठल्या तारखेला घातली आणि किती, ते लिहिलेलं. मादी वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते, वर वाळू लोटते आणि निघून जाते. ती पुन्हा बघायला येत नाही. पिल्लं बाहेर यायला पंचेचाळीस ते साठ दिवस. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त, कमी तापली तर नर. आमच्या नशिबात त्या सकाळी पिल्लं नव्हती.

आम्ही पाण्याच्या कडेनं चालत होतो आणि लेक पुढे. अचानक उकिडवी बसली. मग उठली, उगवतीकडे तोंड होईल अशी फिरली, पुन्हा बसली. “बाबा, इकडे या. वर पाय नका देऊ, कडेनं या.”

वाळूवर एक पट्टा होता. हात पसरला तर त्याच्या निम्म्याहून जरा कमी रुंदीचा, पाण्यातून वर गेलेला. दोन्ही बाजूंना स्वल्पविरामासारखे ओरखडे, समोरासमोर नाहीत, एक डावीकडे, मग एक उजवीकडे. पट्टा सुरूच्या झाडांच्या दिशेनं चढत गेला होता, तिथे वळला होता आणि तसाच खाली पाण्यात परतला होता. “कड धारदार आहे,” लेक म्हणाली. “आज रात्रीचाच.”

कुंपणापाशी बसलेला रखवालदार आमचा घोळका बघून आला. त्यानं वरच्या वळणापाशी वाळू चाचपली, काठीनं हलकेच टोचून पाहिली, आणि मान हलवली. “आली, वर चढली, बसली नाही. परत गेली.” का, असं लेकीनं विचारलं. “कुत्रं आलं असेल. कुणाची बॅटरी दिसली असेल. वाळू आवडली नसेल. एक-दोन दिवसांत परत येते, इथे नाहीतर दुसरीकडे.” त्यानं खिशातून टेप काढून पट्ट्याची रुंदी मोजली, वहीत तारीख लिहिली, आकडा लिहिला. आणि मग टाच वाळूत आडवी ओढत, एका टोकापासून, तो ती वाट पुसायला लागला.

“पुसता कशाला?” लेक जवळजवळ ओरडलीच.

“नाहीतर उद्या दुसरा येऊन परत मोजेल.”

ती क्षणभर उभी राहिली. मग चपला काढून दुसऱ्या टोकाला गेली आणि तिनंही टाच टेकवली. तेवढ्यात मागून नवरा धावत आला, थांब थांब म्हणत, गळ्यातला तो ताडोब्याचा मोठा कॅमेरा सावरत, आणि वाळूत पालथा पडून त्यानं फोटो काढले. बारा निघाले. बाराही वाळूचे.